छावणीतला जाळ

'असेल कदाचित' या रंगाचं सूत कुठल्याच दुकानात मिळत नाही. आमच्या धंद्याची सगळी पंचाईत या एका वाक्यात आली. चित्रकाराचं बरं असतं. डोंगराच्या कडेला माणूस उभा आहे की झुडूप, हे ठरवायचा त्याला कंटाळा आला की तो ब्रशचा एक फटकारा मारून मोकळा होतो, आणि बघणारे मान डोलावून म्हणतात, काय गूढ आहे! मी ग्राफ मास्तर. मला गूढ परवडत नाही. मला विचारावं लागतं, बाबा रे, माणूस आहे का झुडूप? माणूस असेल तर हा चौकोन काळा, झुडूप असेल तर हिरवा. काय ते एकदा सांग आणि मला मोकळं कर.

ज्यांनी सोलापूरचं नाव फक्त चादरीच्या कोपऱ्यावर वाचलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे चादरी-टॉवेलांच्या जोडीला भिंतीवर लावायची चित्रंही मागावर विणतात. बाजारात त्यांना वॉल हँगिंग म्हणतात. चित्र वरून छापलेलं नसतं, सुतातच असतं. त्यासाठी मूळ चित्र आधी मोठ्या चौकोनी कागदावर उतरवावं लागतं. कागदावरचा एकेक बारीक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. प्रत्येक चौकोनात रंग भरायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या माळेसारख्या ओवून मागाच्या डोक्यावर चढवायच्या. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तिसरा प्रकार नाही. अशा सरळ स्वभावाच्या यंत्राला मी आयुष्यभर देव, पुढारी, हरणं आणि नवरदेव समजावून सांगत आलो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी हे केलं, तिथं आता कॉम्प्युटर ते करतो. मालकांनी मला काढलं नाही, सल्लागार केलं. सल्लागार म्हणजे ज्याला खुर्ची असते आणि ज्याला कुणी काही विचारत नाही. मी सकाळी डबा घेऊन जातो, कॉम्प्युटरवाल्या मुलीच्या मागं उभा राहतो आणि तिनं देवाच्या नाकावर चुकीचा रंग दिला की खोकतो. तिलाही आता माझ्या खोकल्याचे अर्थ कळायला लागलेत.

गिऱ्हाइकांविषयी मी काही वाईट बोलणार नाही, कारण त्यांच्यावर माझं घर चाललं. एका नवरदेवाच्या मामांनी लग्नातला फोटो आणून दिला आणि कानात सांगितलं, "मास्तर, पांढरं सूत जरा सढळ हातानं वापरा." वापरलं. नवरदेव पिठाच्या गिरणीतून नुकताच बाहेर आल्यासारखा विणला गेला. मामा खूश, नवरदेव खूश, नवरीला कुणी विचारलं नाही. एका बांधकामवाल्या साहेबांना गणपतीच्या शेजारी स्वतःला बसवून हवं होतं. मी म्हटलं, साहेब, मापात बसत नाही. ते म्हणाले, मग उंदीर काढा. देवाच्या वाहनाची जागा मोकळी करून तिथं स्वतः बसायला निघालेला असा नम्र माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेही विणलं.

पण सांगायचं आहे ते एका छावणीच्या चित्राबद्दल.

आमच्या कारखान्याच्या गेटवर महादेव नावाचा वॉचमन आहे. दुधनीजवळच्या एका खेड्यातला, सैन्यातून पेन्शनवर आलेला. माजी सैनिक म्हटल्यावर मालकांनी त्याला लगेच गेटवर उभा केला, हातात काठी दिली. त्याला सैन्यात काय करत होतास हे कुणी विचारलंच नाही. एक दिवस आमच्या कॅन्टीनची आमटी त्यानं माझ्यासमोर तोंडाला लावली, खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "मास्तर, फोडणी जळलीय, आन् डाळ शिजायच्या आधीच मीठ घातलंय." मी विचारलं, तुला रे काय कळतं? तेव्हा त्यानं सांगितलं की तो पलटणीत स्वयंपाकी होता. सगळी नोकरी त्यानं चुलीपुढं काढली होती. "पर गावात कुणाला बोलू नका," एवढं त्यानं वर बजावलं. तर आमची व्यवस्था अशी होती : हाडाचा स्वयंपाकी गेटवर काठी घेऊन उभा आणि ज्याला काठी द्यायला हवी होती तो कॅन्टीनमध्ये. देशातल्या बऱ्याच खात्यांत हीच पद्धत असल्यामुळं मी तक्रार केली नाही.

मागच्या वर्षी महादेवच्या गावात नवीन सभागृह बांधलं गेलं. सभागृह झालं की त्यात लावायला काहीतरी लागतं, आणि गावात काही घडलेलं नसेल तर घडवावं लागतं. गावच्या कमिटीनं ठरवलं की सीमेवरून आलेल्या आपल्या जवानाचा सत्कार करायचा आणि त्याच्याकडे छावणीचं जे चित्र आहे ते मोठं विणून भिंतीवर लावायचं. कमिटीचे अध्यक्ष खत-बियाण्यांचे दुकानदार. ते महादेवच्या वडिलांना, शरणप्पांना, बरोबर घेऊन जीपनं आमच्याकडे आले. शरणप्पा म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा, खांद्यावर टॉवेल. दुधनीच्या बाजारात पोती उचलून पोरगा वाढवलेला.

चित्र मी हातात घेतलं. रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेलं होतं, वहीच्या दोन पानांएवढं. महादेवला निरोप देताना त्याच्याबरोबरच्या एका जवानानं ते दिलं होतं. जवळजवळ सगळं चित्र अंधारात. गडद निळं आभाळ, त्यात विखुरलेल्या चांदण्या. खाली बर्फ, बर्फात अर्धे बुडालेले पाच-सहा तंबू. उजवीकडे कड्यावर काहीतरी उभं, काळं, माणसाएवढं. आणि डावीकडे खाली, जमिनीलगत, नारिंगी उजेडाची एक उभी फट. फटीत कुणीतरी वाकलेलं. बस्स. चित्र काढणारा शिकलेला नव्हता, पण त्याला अंधार येत होता. शिकलेल्या बऱ्याच जणांना तो येत नाही.

आता असं चित्र समोर आलं की जो तो आपल्या मनातलं त्यात बघतो. कॉम्प्युटरवाल्या मुलीनं ते मशीनमध्ये घातलं. मशीननं अंधाराचे सतरा प्रकार शोधून काढले आणि बर्फाला गुलाबी ठरवलं. आमचा विणकर नरसय्या, ज्याचा बाप जुन्या गिरणीत बॉयलरवर होता, तो फटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, हे बॉयलरचं दार हाय. आत आमचा नायना कोळसा टाकत हाय." नायना म्हणजे तेलुगूत बाप. अध्यक्षांनी मात्र चित्र हातभर लांब धरलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात झेंडा कुठाय?"

मी म्हटलं, नाहीये.

"सीमेवरची छावणी आणि झेंडा नाही? घाला."

दाराशी महादेव उभा होता. वडील आत असल्यामुळं तो आत आला नव्हता. तो तिथूनच म्हणाला, "रातचा झेंडा नसतो सायेब. दिवस मावळताना उतरवायचो आमी."

"ते तिकडं," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या हॉलमध्ये लोक दिवसा बघणार आहेत."

हा युक्तिवाद मी वहीत उतरवून ठेवायला हवा होता. मग ते उजेडाच्या फटीकडे वळले. सीमेवर रात्री जाळ कसा? शत्रूला दिसणार नाही का? चित्र काढणाऱ्याला एवढी अक्कल नसावी? तेव्हा जाळ काढून टाकायचा, ती जागा मोकळी होईल, तिथं रणगाडा बसवायचा. आणि कड्यावर जे काळं उभं आहे तो अर्थात आपला महादेव, त्याच्या हातात नीट दिसेल अशी बंदूक द्यायची. सीमेपासून इतक्या दूर, खताच्या पोत्यांमध्ये दिवस काढून या गृहस्थांनी छावणीची जी फेररचना केली, ती बघून मला वाटलं की देशानं यांचा सल्ला आधीच घ्यायला हवा होता.

अशा वेळी मी भांडत नाही. माग हे फार सोयीचं यंत्र आहे. ज्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्याला मागाकडं पाठवावं. मी गंभीर चेहरा केला, मोजपट्टी काढली, चित्रावर आडवी धरली, उभी धरली आणि सांगितलं की या मापाला तीनच रंगांचं सूत चालतं. निळं, पांढरं आणि एक कुठलंतरी. झेंड्याला केशरी आणि हिरवं दोन्ही लागणार, म्हणजे चार होतात, माग अडतो. माग अडतो म्हटल्यावर मोठमोठी माणसं गप्प होतात, कारण तो कसा अडतो हे त्यांना माहीत नसतं. झेंडा गेला. रणगाडाही मापात बसेना. मग अध्यक्ष म्हणाले, जाळाचं आणि बंदुकीचं काय ते तुम्हीच बघा, आणि जीपकडे गेले.

शरणप्पा मागं राहिले. टॉवेलाचं टोक पिळत म्हणाले, "मास्तर, झेंडा न्हाय तर न्हाय. रणगाडा बी नको. तेवढी बंदूक करा की."

"कुठली?"

"ह्यो कड्यावरचा. ह्यो माजा महादेव हाय."

मी मोजपट्टी पुसायला घेतली. त्यांना वाटलं, पोरगा स्वयंपाकी होता हे मला माहीत नाही. मग त्यांनी दाराकडे बघितलं, महादेव लांब गेलाय याची खात्री केली आणि खालच्या आवाजात सगळं ओकून टाकलं. "लगीन असलं की आमी आचारी आणतो. त्याला आंगणात बशिवतो, वरातीत घेत न्हाय. माज्या पोराला सैन्यात घेतलं तवा मी बाजारात पेढं वाटलं. आन् त्यो पयल्या सुट्टीला येऊन म्हन्तो, अप्पा, मी भात करतो. मी म्हनलं, गावात बोलू नगंस. इतकी वरसं मी समद्यास्नी सांगत आलोय, माजा पोरगा बंदूक घिऊन हुबा असतोय. आता ह्ये चित्र भितीवर लागलं आन् त्यात तसं न्हाय दिसलं, तर मी कुटं जाऊ?"

हमालीत पाठ मोडलेला माणूस इतक्या कमी गोष्टी मागतो की नाही म्हणायला जीव होत नाही. बंदूक म्हणजे माझ्या कागदावर किती? सात-आठ चौकोनांची तिरकी रेघ. नवरदेव गोरा केला होता, उंदीर हटवला होता, मग एका बापासाठी सात-आठ चौकोन काय जड होते? विचार करतो म्हटलं आणि त्यांना जीपपर्यंत सोडून आलो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत महादेव माझ्या टेबलाशी आला. उभ्याउभ्यानंच म्हणाला, "मास्तर, बाकी काय बी करा. जाळ तेवढा ठेवा."

मी त्याला बसवलं आणि म्हटलं, आधी मला चित्र समजावून सांग. अध्यक्ष म्हणतात तसा जाळ दिसला तर शत्रू बघेल हे खरं ना?

"खरं हाय की. म्हणूनच चूल जमिनीत खणून आत होती. दाराला दोन कांबळी. रातभर चूल पेटती ठेवावी लागायची, बर्फ वितळवायला. न्हायतर सकाळी पाणीच न्हाय. पहारा बदलला की वरचा जवान खाली यायचा, आत शिरताना कांबळं उचलायचा. तेवढाच उजेड भाईर. लगीच बंद." त्यानं बोटानं फट दाखवली. "चित्र काढणारा दोस्त गढवालकडचा. त्याचा पहारा वरच्या चौकीत. तिथनं खाली सगळं काळं. तो म्हणायचा, महादेव, ही फट दिसली की मला कळतं, एकजण सुखरूप पोचला. आता त्यो च्या पिणार, आन् मला सोडवायला दुसरा निगणार. तेवढ्या आशेवर मी जागा ऱ्हातो."

"आणि आत वाकलेला?"

"मी."

"कड्यावरचा?"

महादेव पहिल्यांदा हसला. "त्यो खडक हाय मास्तर. आमी त्याला सुभेदार म्हणायचो. कवा बी बघा, हुबाच. कवाच खाली यून च्या मागितला न्हाय."

मी पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. आम्ही सगळे चित्रात बघत होतो, कोण उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे. चित्र कुठून काढलंय हे कुणी विचारलंच नव्हतं. काढणारा वर थंडीत कुडकुडत उभा होता आणि त्याला सगळ्या मुलखात एकच गोष्ट बघायची होती. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या देवादिकांच्या चित्रांत मला भक्ती एवढी स्पष्ट दिसली नव्हती. मी महादेवला म्हटलं, जाळ राहील.

"आन् अप्पा?"

"अप्पांना मी सांगतो."

सांगितलं, आणि वाईट तऱ्हेनं सांगितलं. ते पुढच्या आठवड्यात चौकशीला आले तेव्हा मी म्हटलं, "शरणप्पा, तो खडक आहे. खडकाच्या हातात मी बंदूक देणार नाही." मला वाटलं होतं थोडं समजावीन, जाळाचं सांगीन, दोस्ताचं सांगीन. त्यांनी ऐकून घेतलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "तुमी माजं नाक कापलं मास्तर." गेटवर पोरगा उभा होता, त्याच्याकडे न बघता निघून गेले. त्या दिवशी मला डबा गेला नाही. खरं बोलल्याचं समाधान वगैरे जे म्हणतात ते मला तरी कुठं सापडलं नाही.

हा ग्राफ मी हातानं केला. मुलीला म्हटलं, तुझ्या मशीनला अंधारातलं दिसत नाही, माझी नजरही गेलीच आहे, पण मला सवय आहे. निळ्या-पांढऱ्यात आभाळ, बर्फ, तंबू. खडक काळा दाखवायला काळं सूत नव्हतं, म्हणून त्याच्याभोवती बर्फाची पांढरी कड काढली. सगळं नारिंगी सूत त्या एका फटीला दिलं आणि फटीत निळ्या चौकोनांचा वाकलेला माणूस बसवला. पाठीचा बाक जमेना म्हणून महादेवला गेटवरून बोलावून माझ्यासमोर वाकून उभा केला, हातात पळी म्हणून माझी मोजपट्टी दिली. मालक तेवढ्यात आले. वॉचमन सल्लागारासमोर वाकून मोजपट्टीनं हवा ढवळतोय हे बघून ते आल्या पावली परत गेले. नरसय्यानं विणलेलं कापड मागावरून उतरवलं तेव्हा बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बॉयलर चांगलं पेटलंय."

कापड न्यायला अध्यक्षांचा माणूस आला, बरोबर शरणप्पाही. मी टेबलावर पसरलं, फटीतल्या वाकलेल्यावर बोट ठेवलं आणि शरणप्पांना हळूच म्हटलं, हा महादेव, हातात पळी. शरणप्पांनी कड्याकडे बघितलं, फटीकडे बघितलं, आणि घडी घालायला लावली.

सभागृहाच्या उद्घाटनाला मलाही बोलावणं होतं, कलाकार म्हणून. दुधनीकडच्या एसटीतून उतरून पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू झाला होता. स्टेजमागच्या भिंतीवर आमचं हँगिंग, त्यावर पडदा. स्टेजवर इतक्या खुर्च्या होत्या की सत्कार करणारे जास्त आणि बघणारे कमी दिसत होते. शरणप्पांना स्टेजवरच पहिल्या ओळीत, उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि माईकवरून त्यांना सारखं 'वीरपिता' म्हटलं जात होतं, पोरगा समोर धडधाकट उभा असताना. उभा म्हणजे खरोखर उभा. महादेवची खुर्ची पाहुण्यांबरोबर आलेल्या एका गृहस्थांना लागली, त्यामुळं सत्कारमूर्ती दाराच्या चौकटीला टेकून होते. गेटवरची सवय असल्यामुळं त्याचं काही बिघडलं नाही.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला आणि मी डोळे मिटून पुन्हा उघडले.

समोर लख्ख दिवस होता. पांढरंशुभ्र आभाळ, त्यात गडद ठिपके. खाली गडद निळी, लांबून काळीभोर वाटणारी जमीन. जमिनीत बसलेले तसेच गडद उंचवटे. अध्यक्षांनी कापड उलटं लावलं होतं. आमचं विणकाम चादरीसारखं दुहेरी असतं. पुढून जिथं निळं तिथं मागून पांढरं, पुढून पांढरं तिथं मागून निळं. चादर मळली की बायका उलटी करून अंथरतात, त्यातलाच प्रकार. मी धावत अध्यक्षांजवळ गेलो आणि कानात सांगितलं. त्यांनी मला हातानं थोपवलं.

"माहीत आहे हो. मुद्दाम लावलंय. त्या बाजूनं फार अंधार होता. या बाजूनं बघा कसं प्रसन्न वाटतंय. पाखरं उडतायत. आणि जमीन बघा, अगदी आपल्या शिवारासारखी."

खरोखर तशीच दिसत होती. सीमेवरचं बर्फ अक्कलकोट तालुक्यात आणून त्याची काळी रानं केलेली, चांदण्यांची पाखरं आणि तंबूंच्या बसलेल्या म्हशी. एवढं अंतर एका पडद्यात तोडणं कुठल्या चित्रकाराला जमलं असतं? नारिंगी सूत मागच्या बाजूला येत नाही, त्यामुळं जाळाच्या जागी राखेसारखा एक धुरकट डाग राहिला होता. आणि कड्यावरचा खडक आतून पांढरा निघाला होता. पांढऱ्या कपड्यांतला, रुबाबात उभा.

पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "हे टेकडीवर कोण?"

अध्यक्ष क्षणभरही अडखळले नाहीत. "साहेब, ते तुम्हीच. गावाकडं लक्ष ठेवून."

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मान खाली घातली, लाजले. मी दाराकडे बघितलं. महादेव त्या धुरकट डागाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला यातलं काही मिळणार नव्हतंच, असा चेहरा होता, आणि तो मला सहन झाला नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात पहिल्या ओळीतून शरणप्पा उठले.

"सायेब हाय त्यो?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. माईक जवळच असल्यामुळं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "मी बंदूक मागितली तर मास्तर म्हनले खडक हाय. मी गप बसलो. आता त्यो सायेब झाला. आन् माजा पोरगा कुटं हाय ह्यात?"

"शरणप्पा, बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले.

"हौदु, व्हय, बसतो. पर पोरगा कुटं हाय?"

शरणप्पांनी सत्काराच्या हारांचं टेबल भिंतीशी ओढलं, त्यावर चढले. मी टेबल धरायला धावलो, कारण एवढीच मदत माझ्या हातात होती. त्यांनी दांडीसकट कापड खाली घेतलं, पाठीवरचं पोतं फिरवतात तसं फिरवलं आणि परत अडकवलं. पाहुणे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. मग अंधार बघून त्यांचे हात थांबले.

निळी रात्र. बर्फ. कोपऱ्यात पेटलेली फट. शरणप्पांनी टेबलावर वाकून बोट नेमकं तिथं ठेवलं.

"ह्यो बगा. हितं हाय माजा महादेव. बंदूक न्हाय त्याच्या हातात, पळी हाय. आचारी हाय त्यो. पलटणीचा आचारी. इतकी वरसं मी तुमास्नी लबाड बोललो."

गावात आता हे किती दिवस चघळलं जाणार, कोण काय म्हणणार, हे शरणप्पांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. अध्यक्ष माईक हातात घेऊन योग्य शब्द शोधत होते. शरणप्पांना त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. ते टेबलावरूनच दाराकडे बघत होते, आणि पोरानं सैन्यातून आल्यापासून ज्याची वाट बघितली असेल ते त्यांनी आत्ता, शे-दीडशे माणसांसमोर विचारलं.

"काय शिजत हुतं रं तवा, महादेवा?"

महादेव चौकटीपासून सरळ झाला. "डाळ, अप्पा."

"तितल्या थंडीत शिजती व्हय?"

"कुकरबिगर न्हाय शिजत. तितं उंचावर पाणी लवकर उकळतं, डाळ कच्चीच ऱ्हाती. लई येळ लागतो."

"आन् समदी जेवायची?"

"जशी पहाऱ्यावरनं येतील तशी. कुणी मदरात्री, कुणी पाटंचं. चूल विझवायची न्हाय."

शरणप्पांनी फटीतल्या त्या वाकलेल्या माणसावरून बोट फिरवलं.

"मग तू कवा जेवायचास?"

"समद्यांच्या मागनं, अप्पा."

शरणप्पा टेबलावरून उतरले. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. पाहुण्यांच्या शेजारची आपली खुर्ची उचलली, स्टेजवरून खाली आणली, माणसांमधून वाट काढत दारापर्यंत नेली आणि पोरासमोर ठेवली.

"बस," ते म्हणाले.